शनिवारची मोजणी

त्या आठवड्यात भिंगरीचे पाय जमिनीला टेकत नव्हते. तसे ते एरवीही फारसे टेकायचे नाहीत, म्हणून तर घरात तिला खऱ्या नावानं कुणी हाक मारत नसे. पण त्या सोमवारी शाळेत तिनं अख्ख्या वर्गासमोर उभं राहून 'संगणक आणि सर्व्हर' यावर बारा मिनिटं भाषण ठोकलं होतं. न अडखळता, कागदात न बघता, आणि वर दोन प्रश्नांना तिथल्या तिथे उत्तरं देऊन! मागच्या वर्षी हीच मुलगी हजेरीला 'हजर' म्हणायचं म्हटलं तरी बाकाखाली तोंड घालायची.

ही सगळी किमया मामाची. वर्षभर रोज संध्याकाळी तो तिला खाली कारखान्यात न्यायचा, एका उलट्या खोक्यावर उभी करायचा आणि स्कॅनरांची झाकणं उघडून ठेवायचा.

"हे तुझे श्रोते. बघ, कसे आ वासून ऐकतायत. कर सुरू."

"मामा, मला हसू येतंय."

"मग हसत बोल. रडत बोलण्यापेक्षा बरं."

कारखाना म्हणजे घराच्या तळमजल्यावरच्या तीन खोल्या. आईचा धंदा जुने फोटो दुरुस्त करण्याचा. फाटलेले, पिवळे पडलेले, पाण्यात भिजलेले, कुणीतरी रागाच्या भरात मधोमध कापलेलेसुद्धा. उस्ताद ते फोटो स्कॅन करायचे. वय साठीचं आणि जीभ सोळाची. चष्मेवाली पडद्यावर एकेका चेहऱ्यावरची बुरशी हलक्या हातानं पुसायची. तिचा चष्मा कायम कपाळावर, आणि तो शोधायचं काम मात्र सगळ्या कारखान्याला. आणि मामा? मामा काय करतो असं कुणी विचारलं तर सगळे एकच उत्तर द्यायचे: मामा म्हाताऱ्याकडे बघतो.

म्हातारा म्हणजे सर्व्हर. नऊ वर्षांपूर्वी मामाचं स्वतःचं दुकान बंद पडलं आणि तो बहिणीकडे राहायला आला, तेव्हा येताना सुटे भाग भरलेली दोन खोकी घेऊन आला. त्यातून त्यानं हे यंत्र जुळवलं आणि कपड्यांच्या एका जुन्या लोखंडी कपाटात बसवलं. कपाटाला मागून भोकं पाडून पंखे लावले. कारखान्यातला प्रत्येक फोटो या कपाटात राहायचा आणि नेटवर्कच्या केबलीतून प्रत्येकाच्या टेबलावर जायचा. म्हातारा घरघरायचा, गरम व्हायचा, पण नऊ वर्षांत त्यानं एकही फोटो हरवला नव्हता.

मग आईला मोठं काम मिळालं. एका वाचनालयाकडचे चाळीस हजार फोटो, वर्षभरात. आणखी चार टेबलं, चार माणसं, चार संगणक. एवढ्या फायली सतत इकडून तिकडे जाणार, तर सर्व्हर चपळ हवा. आईनं एका विक्रेत्याला बोलावलं. तो आठवडाभर वापरून बघायला एक काळी पेटी ठेवून गेला. दोन जाडजूड पुस्तकांएवढी, आवाज म्हणून नाही.

"दादा, ही घ्यावी असं वाटतंय," आई मामाला म्हणाली.

"कशाला? म्हातारा पुरे पडेल की."

"कशावरून?"

"नऊ वर्षं बघतोय मी त्याला."

"तुझी माया नको रे, आकडे दे. किती वेळात किती फायली जातात? कधी मोजलंयस?"

मामा कपाटाच्या दाराला हात लावून उभा राहिला. मोजलं नव्हतं. चालत्या यंत्राला काय मोजायचं, असं त्याचं एकंदर म्हणणं. शिवाय म्हातारा गेला तर आपण इथे कशाकडे बघायचं, हा प्रश्न त्याच्या चेहऱ्यावर इतका स्वच्छ होता की चष्मेवालीलाही चष्म्याशिवाय दिसला.

"मी मोजते!" भिंगरी पुढे सरसावली. "भाषणासाठी मी हेच तर वाचलंय. तिन्ही सर्व्हरची तुलना करते. सोमवारी सगळ्यांना तक्ता!"

"तिन्ही? तिसरा कुठला?" उस्तादांनी विचारलं.

तिसरा तिचा स्वतःचा. शाळेनं टाकून दिलेला एक संगणक तिनं घरी आणला होता आणि फुकट मिळणारी सर्व्हरची प्रणाली त्यावर चढवली होती. उस्तादांनी एका नजरेत त्याचं बारसं केलं: भंगार.

आता भिंगरीनं काम कसं केलं ते ऐका, कारण ते तिनं खरोखर छान केलं. चारशे स्कॅनचा एक फोल्डर घेतला आणि एक अवाढव्य फाईल घेतली. तोच संगणक, तीच केबल, तेच घड्याळ. शुक्रवारी संध्याकाळी सगळे घरी गेल्यावर, तिन्ही यंत्रं रिकामी असताना, तिनं एकेकावरून कॉपी करून वेळ टिपला. प्रत्येक मोजणी तीनदा. आधीची फाईल यंत्राच्या ध्यानात राहून पुढची मोजणी फुकटात पटकन होऊ नये, म्हणून दर वेळी यंत्र बंद करून पुन्हा चालू केलं. म्हाताऱ्याला बंद करताना मामा स्वतः शेजारी उभा राहिला, जसं कुणी आपल्या माणसाला दवाखान्यात सुई टोचताना राहतं.

आकडे आले. चारशे स्कॅनना म्हातारा सहा मिनिटं दहा सेकंद, काळी पेटी पाच मिनिटं पन्नास. मोठ्या फाईलला दोघांत चार सेकंदांचा फरक. भंगाराला चारशे स्कॅनना अकरा मिनिटं, पण त्याच्याकडून कुणाची अपेक्षाच नव्हती.

भिंगरी वहीकडे बघत बसली. हिरमुसली म्हणा ना. सहा दहा आणि पाच पन्नास! तक्त्यात दोन पट्ट्या शेजारी काढल्या तर जुळ्या बहिणी दिसतील. सोमवारी सगळ्यांसमोर उभं राहून सांगायचं काय, तर 'जवळजवळ सारखंच आहे'? त्यात मोजणीआधीच तो विक्रेता येऊन गेला होता. तिच्या वहीतला मोजणीचा बेत वाचून म्हणाला होता, "मॅडम, अशी टेस्ट आमच्या ऑफिसातही कुणी करत नाही हो!" मॅडम. आयुष्यात पहिल्यांदा. भिंगरीच्या अंगावर मूठभर मांस चढलं होतं, आणि ते अजून उतरलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी शनिवार, महिन्याचा पहिला. शाळेला सुट्टी. 'पुन्हा एकदा मोजून बघू, सरासरी काढायला बरं' असं स्वतःला सांगत ती सकाळी दहाला खाली आली. कपाटाच्या मुठीला लाल फडकं टांगलेलं होतं.

ही मामाची पद्धत. दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी तो पडताळणी लावायचा. म्हातारा आपल्या पोटातली प्रत्येक फाईल पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून बघायचा, कुठे काही नासलंय का. त्याला सगळा दिवस लागायचा. फडकं म्हणजे खूण: आज याला जपून वापरा. "म्हातारा आंघोळीला गेलाय, दार वाजवू नका," असं उस्ताद दर वेळी म्हणायचे आणि स्वतःच हसायचे. भिंगरीनं ते फडकं लहानपणापासून पाहिलं होतं. आत्ताही पाहिलं. नीट पाहिलं. कपाटाच्या फटीतून सगळे दिवे एकसारखे लुकलुकताना पाहिले.

आणि तिनं घड्याळ लावलं.

चौदा मिनिटं चाळीस सेकंद. मग काळी पेटी मोजली, ती आपली रिकामी बसलेली: पाच बावन्न. भंगार: अकरा.

काय पट्ट्या झाल्या असतील बघा! रविवारभर भिंगरी रंग भरत बसली. काळी पेटी हिरवी, भंगार पिवळं, म्हातारा लालभडक आणि सगळ्यात लांब. शुक्रवारचं पान तिनं वहीतच ठेवलं. एकही आकडा खोटा नाही, ती स्वतःला म्हणाली. दोनदा म्हणाली. तक्त्याच्या तळाशी, मुंगीएवढ्या अक्षरात, तिनं 'शनिवार, सकाळी दहा' असंही लिहिलं. ते का लिहिलं, हे तिला तेव्हा विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

सोमवारी शाळा सुटल्यावर सगळे खालच्या खोलीत जमले. भिंगरी बोलली, आणि काय बोलली! सर्व्हर म्हणजे काय इथपासून सुरुवात करून, हातवारे करत, मध्ये मध्ये थांबत, सगळ्यांच्या डोळ्यांत बघत. लाल पट्टीशी आल्यावर म्हणाली, "आणि हा आपला म्हातारा. हा चक्क भंगाराच्याही मागे आहे!"

उस्ताद खो-खो हसले. "अहो मामा, तुमच्या म्हाताऱ्याला काठी द्या काठी!"

चष्मेवालीही हसली. आईसुद्धा, जरा.

मामा उठून तक्त्याजवळ गेला. त्याला जवळचं कमी दिसायचं, म्हणून मान मागे घेऊन तो वरपासून खालपर्यंत वाचत आला. तळाशी थांबला. ती मुंगीएवढी अक्षरं त्यानं वाचली. मग त्यानं भिंगरीकडे पाहिलं.

आता बोलेल, तिला वाटलं. आता म्हणेल, अगं त्या दिवशी पडताळणी होती की. तेवढं एक वाक्य पुरे होतं.

"छान केलंयस," मामा म्हणाला. "रंगही छान निवडलेत. आवाज तर अगदी मागच्या भिंतीपर्यंत पोचला." आणि जाऊन आपल्या जागी बसला.

"मग ठरलं," आई म्हणाली. "दादा, चालेल ना रे?"

"चालेल. चालायलाच हवं."

पुढचे चार दिवस मामानं स्वतः म्हाताऱ्यातल्या फायली काळ्या पेटीत हलवल्या. एकेक फोल्डर नेला, मोजला, पुन्हा तपासला. भिंगरी शाळेतून आली की सरळ वर जायची. जेवताना ती इतकी बडबडायची की आईनं विचारलं, "घास गिळतेस तरी कधी?" आणि मामाशी नजरानजर झाली की तिला एकदम पाणी प्यावंसं वाटायचं. तिला झोप लागत होती, भूक लागत होती, सगळं नीट चाललं होतं. फक्त स्वतःचा आवाज तिला थोडा मोठा वाटायला लागला होता.

शुक्रवारी ती जिन्यावरून खाली डोकावली तर कपाटाचं दार सताड उघडं. मामा खाली बसून स्क्रू काढत होता. डिस्का बाहेर काढून, पुसून, ओळीनं वर्तमानपत्रावर मांडल्या होत्या. पंखे बंद. ती खोली इतकी शांत तिनं कधी ऐकली नव्हती.

ती धावत वर गेली, वही घेऊन आली आणि शुक्रवारचं पान मामासमोर धरलं.

मामानं पान वाचलं. "सहा दहा," तो म्हणाला. "माझा अंदाज सातचा होता."

"मामा, शनिवारी मी फडकं पाहिलं होतं. मला माहीत होतं."

"हं."

"तुला कळलं होतं ना? तक्ता बघतानाच?"

"तळाशी लिहिलं होतंस की."

"मग बोलला का नाहीस? सगळ्यांसमोर सांगायचं ना! मी खोटारडी आहे असं म्हणायचं!"

मामानं स्क्रू एका वाटीत टाकला. "तू बोलत होतीस," तो म्हणाला. "वर्षभर तुला त्या खोक्यावर उभी केली, ती काय मध्येच खाली ओढायला? मला वाटलं, हिला एवढं बोलून घेऊ दे, मग बाजूला घेऊन सांगू. नंतर वाटलं, हीच येईल. आज येईल, उद्या येईल. तोवर निम्म्या फायली हलवून झाल्या होत्या."

भिंगरीला हुंदका आला. तो तिनं गिळला, पण अर्धाच गिळला गेला.

"आणखी एक आहे," मामा म्हणाला. "तुझ्या आईला आज सांगणार आहे. माझा एक जुना दोस्त आहे, त्याचा छापखाना आहे, इथून चार तासांवर. त्याच्याकडची यंत्रं बघायला माणूस हवाय. मी हो म्हणालोय. रविवारी निघतो."

"माझ्यामुळे?"

मोठी माणसं अशा वेळी पटकन नाही म्हणतात. भिंगरी त्या 'नाही'ची वाट बघत होती.

"थोडं तुझ्यामुळे," मामा म्हणाला. "बाकीचं माझं मला. नऊ वर्षांत मी कधी मोजलं नाही आणि कुणाला मोजू दिलं नाही. मोजलं असतं तर तुझ्या आईला मीच सांगितलं असतं, हे सहा दहा. पण ते सगळे हसले ना, तेव्हा लागलं गं. भंगाराच्या मागे म्हणालीस तेव्हा. यंत्राचं काय एवढं, पण लागलं."

भिंगरी तिथून उठली ती थेट आईच्या टेबलापाशी. उस्ताद होते, चष्मेवाली होती. खोक्यावर चढायची गरज पडली नाही. तिनं शुक्रवारचं पान मधोमध ठेवलं आणि सगळं सांगितलं. या वेळी अडखळली. दोनदा तर वाक्यच विसरली. हातवारे नव्हते, कारण हात वही घट्ट धरून बसले होते.

उस्तादांनी डोक्यावरची टोपी काढली, उगाच आत बघितलं आणि परत घातली. "मीच जास्त हसलो त्या दिवशी," ते पुटपुटले.

आई ओरडेल असं भिंगरीला वाटलं होतं. ओरडली असती तर फार बरं झालं असतं. आईनं पान हातात घेतलं आणि म्हणाली, "मला पेटी घ्यायचीच होती. तुझा तक्ता माझ्या मनासारखा निघाला, म्हणून मी तळाशी बघितलंच नाही. एरवी मी फोटोच्या पाठीवरचंसुद्धा वाचते." मग ती उठून आतल्या खोलीत गेली. "दादा, राहा ना रे," एवढंच भिंगरीला ऐकू आलं. त्यावर मामा हळू आवाजात काहीतरी बराच वेळ बोलला. आई बाहेर आली तेव्हा डोळे पुसत नव्हती, पण नाक लाल होतं.

"शब्द दिलाय म्हणतो," ती म्हणाली.

शनिवारी दुपारी मामाची बॅग जिन्याखाली भरून तयार होती. मामा मात्र काळ्या पेटीसमोर बसून काहीतरी वाचत होता.

"भिंगरे, इकडे ये. हिच्यातही पडताळणी लावायची सोय आहे. आपल्यापेक्षा साधी आहे, दोन बटणांत काम. लावतो मी. ती चालू असताना तुझा तो चारशेचा फोल्डर कॉपी कर. वेळ घे."

"आता कशाला?"

"माझ्यासाठी. म्हाताऱ्याचे चौदा चाळीस आहेत ना, पडताळणी चालू असतानाचे? आता हिचे बघू. एकदा दोघांना सारखं ओझं देऊन बघू." आणि एकदम ओशाळून म्हणाला, "कधी मोजलं नाही म्हणून काय झालं? आता राहवत नाही."

पडताळणी सुरू झाली. भिंगरीनं घड्याळ लावलं. मामा खोलीत थांबला नाही. तो अंगणात जाऊन उभा राहिला, निकालाच्या दिवशी मुलं शाळेबाहेर उभी राहतात तसा. भिंगरी पडद्याकडे बघत होती. पाच मिनिटं. आठ. तिच्या मनात एकच धोशा चालला होता: चौदा चाळीसच्या पुढे जा, पुढे जा. सोळा होऊ देत. सतरा होऊ देत. मी धावत जाऊन सांगेन, जिंकला म्हणून!

बारा मिनिटं वीस सेकंदांनी कॉपी संपली.

तिनं पुन्हा लावलं. बारा पंचवीस. तिसऱ्यांदा, बारा अठरा.

खोलीत तिच्याशिवाय कुणी नव्हतं. सोळा म्हटलं असतं तर कुणाचंही काही बिघडणार नव्हतं. पेटी घेऊन झाली होती, म्हातारा सुटा होऊन वर्तमानपत्रावर पडला होता, आणि मामा उद्या चार तास दूर जाणार होता. जाताना हसत गेला असता. भिंगरी दाराशी आली. मामा वळला.

"किती?"

तिच्या ओठांवर सोळा आलं होतं. अगदी आलं होतं.

"बारा वीस," ती म्हणाली. "तीनदा मोजलं. पेटीच पुढे आहे, मामा."

मामानं खाली बघितलं. बोटांवर काहीतरी मोजलं. जरा वेळानं त्यानं मान हलवली.

"म्हणजे दोन मिनिटं वीस सेकंद."

"हो."

"नऊ वर्षांचं यंत्र, कपड्यांच्या कपाटात बसवलेलं. आणि ती परवा कंपनीतून आलेली." मग म्हणाला, "दोन मिनिटं वीस सेकंदांनी हरायला माझी काही हरकत नव्हती गं."

भिंगरीनं वही उघडली आणि तिथेच, दाराच्या चौकटीला टेकवून, आकडा लिहिला. शेजारी वार लिहिला, वेळ लिहिली, पडताळणी चालू होती हेही लिहिलं. सगळं एकाच मापाच्या अक्षरात. मामा तिचं लिहून होईपर्यंत थांबला, आणि मग बॅग उचलायला आत गेला.